जिस्टच्या गोळ्या बंद करायच्या का चालू ठेवायच्या? आधी फाईल काढा

जिस्ट म्हणजे जठराच्या नाहीतर आतड्याच्या भिंतीत होणारी एक कॅन्सरची गाठ. तिचा स्कॅन चांगला आला की घरात पहिला प्रश्न हाच, आता गोळ्या बंद करायच्या का. आणि आपल्याकडे सल्ला द्यायला तर अख्खी गल्ली तयार असते, "आते बरं शे ना, मंग कसाले खातस गोया?" माझे मामा पाचोऱ्याकडचे, त्यांची इमॅटिनिब, म्हणजे जिस्टची गोळी, चालू आहे आणि फाईल माझ्याकडे असते, म्हणून नातेवाईकांत असं कुणाला निघालं की फोन मलाच येतो. मी डॉक्टर नाही, पण डॉक्टरकडे जायच्या आधी घरी काय बघून ठेवायचं ते नीट सांगू शकतो.

सगळ्यात आधी फाईलमधून ऑपरेशनचा कागद आणि बायोप्सीचा रिपोर्ट काढा आणि एवढंच बघा की गोळी कशासाठी सुरू झाली होती. जिस्टमध्ये इमॅटिनिब दोन वेगवेगळ्या कारणांनी देतात. एक म्हणजे गाठ ऑपरेशनने पूर्ण निघाली पण परत यायची भीती जास्त आहे म्हणून, आणि दुसरं म्हणजे गाठ काढता आलेली नाही किंवा लिव्हरमध्ये नाहीतर पोटाच्या पडद्यावर पसरलीय म्हणून. गोळी तीच, ४०० मिलीग्रॅम, पण बंद करायचं उत्तर दोघांचं एकदम वेगळं. शेजारच्या गावातल्या कुणाची तीन वर्षांनी बंद झाली म्हणून आपलीही करा असं म्हणणारे लोक इथंच गडबड करतात.

पहिल्या प्रकारात मुदत असते. आधी एक वर्ष द्यायचे, मग २०१२ साली एक वर्ष आणि तीन वर्षं यांची तुलना छापून आली. त्यात जास्त धोका असलेले पेशंट होते, पाच वर्षांनी आजार परत न आलेले तीन वर्षंवाल्या गटात साधारण ६६ टक्के आणि एक वर्षवाल्यात ४८ टक्के, जिवंत असलेले ९२ आणि ८२ टक्के. तेव्हापासून जास्त धोका असेल तर किमान तीन वर्षं हा नियमच झालाय, काहींना डॉक्टर त्याहून पुढेही चालू ठेवतात, विशेषतः ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशनमध्ये गाठ फुटली असेल तर. धोका किती ते रिपोर्टमधल्या तीन गोष्टींवरून कळतं, गाठीचा आकार, पेशी किती वेगाने वाढत होत्या (मायटोसिसचा आकडा) आणि गाठ कुठं होती. त्याच आकाराची गाठ जठरात असली तर लहान आतड्यातल्यापेक्षा बरी समजतात.

दुसऱ्या प्रकारात मात्र मुदत नाही. गोळी लागू पडतेय आणि सोसतेय तोवर चालू, मग स्कॅन कितीही छान येवो. हे कुणाच्या मर्जीवर ठरलेलं नाही, फ्रान्समध्ये यावर नीट प्रयोग झालाय. एक वर्ष आजार आटोक्यात असलेल्यांपैकी ३२ जणांची गोळी थांबवली, २६ जणांचा आजार वाढला, चालू ठेवलेल्या २६ मधल्या ८ जणांचाच वाढला. मग म्हणे एक वर्ष कमी पडलं असेल, तीन वर्षांनी थांबवून बघू, तर थांबवलेल्यांपैकी दोन वर्षांनी १६ टक्केच लोकांचा आजार स्थिर होता, चालू ठेवलेल्यांत ८० टक्के. परत गोळी सुरू केली की बहुतेकांचा आजार पुन्हा आटोक्यात येतो हे खरं, आणि म्हणून बरेच जण म्हणतात की थांबवून बघायला काय जातंय. पण २०२४ मध्ये त्याच प्रयोगाचा लांब पल्ल्याचा निकाल आला, तीन आणि पाच वर्षांनी थांबवलेल्यांमध्ये गोळीला दाद न देणं लवकर सुरू झालं आणि आयुष्यही कमी भरलं. जातंय ते हे.

कारण असं की इमॅटिनिब गाठीतल्या सगळ्या पेशी मारत नाही, बऱ्याच पेशी नुसत्या गप्प बसवते. राखेखालच्या निखाऱ्यासारखं आहे ते, वरून गार दिसतं. म्हणून "रिपोर्ट क्लीन" या शब्दावर फार जाऊ नका.

अजून एक गोंधळ मोबाईलवर वाचून होतो. सीएमएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पण हीच इमॅटिनिब देतात आणि तिथे काही पेशंटची गोळी खरंच बंद करतात. पण त्यांच्याकडे रक्ताची पीसीआर तपासणी असते, आजार जरासा हलला तरी कळतं. जिस्टला तशी रोजच्या वापरातली रक्ततपासणी नाही, स्कॅनवरच भरवसा. त्यामुळे त्यांचं उदाहरण आपल्याला लावू नका.

म्यूटेशनचा, म्हणजे गाठीच्या जनुकात कुठला बदल झालाय त्याचा, रिपोर्ट फाईलमध्ये आहे का ते पण बघा, नसेल तर विचारा. किट आणि पीडीजीएफआरए ही जनुकांची नावं, पुढचे आकडे त्यातल्या बदलाची जागा सांगतात. किट एक्झॉन ११ असेल तर ४०० वर सहसा चांगलं चालतं, एक्झॉन ९ असेल आणि आजार पसरलेला असेल तर डॉक्टर ८०० चा विचार करतात, आणि पीडीजीएफआरए डी८४२व्ही असेल तर इमॅटिनिब लागूच पडत नाही, तिथे चालू ठेवण्यात अर्थ नसतो. बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेले गाठीचे तुकडे, सांभाळून ठेवा, ही तपासणी त्यावरच होते. मुंबईला टाटाला दाखवायला नेलं तरी ते ब्लॉक आणि स्लाईड मागतात.

आता खरं बोलू. बहुतेक लोक प्रयोगबियोग वाचून गोळी बंद करत नाहीत, त्रासाला आणि खर्चाला कंटाळून करतात, तेही न सांगता, एक पाकीट संपलं की दुसरं आणतच नाहीत.

त्रास असेल तर आधी घ्यायची पद्धत बघा. मामा सकाळी चहावर घ्यायचे आणि ओकायचे, आता दुपारी भाकरी-भाजी पोटभर झाली की शेवटच्या घासानंतर मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घेतात, उलटी थांबली. सकाळी डोळ्याखाली सूज येते ती या गोळीची नेहमीची, उशी जरा उंच करा, मीठ-पापड-लोणचं कमी करा, पण आठवड्याला वजन करा आणि एकदम वाढलं किंवा दम लागला तर लगेच कळवा. पायात गोळे, जुलाब, थकवा, हिमोग्लोबिन कमी होणं हेही या गोळीने होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात जुलाब लागले तर ओआरएस लगेच, वाट बघू नका. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. त्रास फारच झाला तर डॉक्टर काही दिवस थांबवतात किंवा डोस कमी करतात, ते चालतं, ते बंद करणं नव्हे.

सोबत काय घेताय तेही सांगा. टीबीच्या औषधातलं रिफाम्पिसिन आणि फिटची फेनिटोइन इमॅटिनिबची ताकद कमी करतात, बुरशीची आणि काही अँटिबायोटिक औषधं उलट वाढवतात. पपनस टाळा. आणि गावठी काविळीचं नाहीतर कॅन्सरचं झाडपाल्याचं औषध चालू असेल तर लपवू नका, लिव्हरवर आलं तर डॉक्टरला वाटतं इमॅटिनिबनेच झालं आणि चांगली चाललेली गोळी उगाच थांबते.

खर्चाचं म्हणाल तर १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने ग्लिवेकचं (इमॅटिनिबचं मूळ कंपनीचं नाव) पेटंट नाकारलं, त्यामुळे आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांची जेनेरिक इमॅटिनिब मिळते आणि ती जीवनावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतही आहे. पाकिटावरची किंमत आणि खरा भाव यात खूप फरक पडतो, दोन-तीन ठिकाणी विचारा, जनऔषधी दुकानातही विचारा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा. भुसावळ-जळगावहून मुंबईला तपासणीला जायचं तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्याला ७५ टक्के, त्याचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्या, बरेच जण मागतच नाहीत.

पुढच्या भेटीला डॉक्टरला सरळ विचारा, आमची गोळी मुदतीची आहे का बेमुदत, आणि मुदतीची असेल तर शेवटची तारीख फाईलवर लिहून घ्या. पसरलेल्या आजारात "गाठ मोठी दिसतेय" असं कुणी म्हणालं म्हणून घाबरून बंद करू नका, सुरुवातीला गोळी लागू पडली की गाठ आतून मऊ होते, सीटीवर काळपट दिसते, कधी फुगल्यासारखीही दिसते. तो स्कॅन जिस्ट बघणाऱ्यालाच दाखवा. खरंच वाढलं असेल तरी एकदम रिकामं राहायचं नसतं, पुढे सुनिटिनिब, रेगोराफेनिब या दुसऱ्या गोळ्या आहेत, बदल डॉक्टरच ठरवतील.

मुदत संपून गोळी बंद झालीच तर पहिली दोन वर्षं जास्त जपायची, आजार परत येतो तो बहुतेक याच काळात. साधारण दर तीन-चार महिन्यांनी सीटी सांगतात. पहिले काही आठवडे सांधे-स्नायू दुखू शकतात, सीएमएलवाल्यांमध्ये हे जास्त दिसलंय, ते आजार परत आल्याचं लक्षण नाही. पण पोट फुगणं, काळी शी, अचानक चक्कर असं काही झालं तर स्कॅनच्या तारखेपर्यंत थांबू नका. आणि ज्या दिवशी गोळी बंद करायचं ठरेल त्याच दिवशी पहिल्या स्कॅनचा नंबर लावून या, घरी आल्यावर पेरणी, लग्नसराई, कापूस यात ते राहूनच जातं.