पुराणातलं ठिकाण खरं होतं का? कोल्हापुरात राहून तपासायची रीत

सती नंदीवर बसून दक्षयज्ञाला यडूरला गेली, तिथं तिनं प्राण सोडला, महादेव कोपला आणि खिद्रापुरात कोपेश्वर म्हणून येऊन बसला. म्हणून कोपेश्वरापुढं नंदी नाही, तो कृष्णाकाठी यडूरला आहे. ही कथा निघाली की निम्मे लोक 'सगळं खरं' म्हणतात आणि निम्मे 'सगळं थोतांड'. तपासायला मात्र फारसं कुणी बसत नाही. बसायचं असेल तर पुढच्या क्रमानं जा.

आधी वहीत विधान एका ओळीत लिहा आणि त्याचे तीन प्रश्न करा. पोथीतलं ठिकाण ते हेच का? त्या काळी इथं वस्ती होती का? सांगितलेली घटना इथं घडली का? बहुतेक वाद एका प्रश्नाचा पुरावा दुसऱ्याला लावल्यामुळं होतात. वस्ती सापडली म्हणून घटना सिद्ध होत नाही, आणि घटना सिद्ध झाली नाही म्हणून गाव खोटं ठरत नाही.

मग सगळ्यात जुना उल्लेख शोधा. महाभारतातली कथा असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सित आवृत्ती उघडा. १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून ती तयार झाली. आपला श्लोक मुख्य संहितेत आहे की खालच्या टिपांत, हे बघा. टिपांत असेल तर तो बहुधा मागाहून घातलेला. स्थळमाहात्म्यं वेगळी ठेवा. 'करवीरमाहात्म्य' आपल्या क्षेत्राची महती सांगण्यासाठीच रचलेलं आहे. लोक कशावर श्रद्धा ठेवत होते याचा तो उत्तम पुरावा आहे, कोल्हासुर राक्षस खरंच होता याचा नाही.

आता नकाशा हातात घ्या. सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर २ सेंमी म्हणजे १ किमी. जवळच्या कथांना हा पुरतो, लांबच्यांना मोबाइलवरचा नकाशा चालेल. वाईला विराटनगरी म्हणायची पद्धत आहे, ती अशी तपासता येते. विराटाच्या गाई पळवायला कौरव हस्तिनापुराहून आले. हस्तिनापूर ते वाई सरळ रेषेत सुमारे १,३०० किमी भरतं. राजस्थानातलं बैराट २६० किमीच्या आसपास, आणि महाभारतातला मत्स्यदेशही त्याच बाजूला बसतो. गाई हाकत १,३०० किमी कोण नेईल? वाईचा दावा इथंच ढिला पडतो.

योजन या जुन्या मापाचे किलोमीटर करताना मात्र जपा. योजन कुणी ८ किमी धरतं, कुणी १३. रामायणातला सेतू १०० योजनं लांब. लहान माप धरलं तरी ८०० किमी होतात, आणि धनुष्कोडी ते तलैमन्नार अंतर जेमतेम ३० किमी. काव्यातला आकडा टेपनं मोजू नये.

पुढं शिलालेख आणि ताम्रपट. कोल्हापूरच्या शिलाहार राजांचे लेख अभ्यासक वा. वि. मिराशींनी संपादित केले असून ते १९७७ साली छापले गेले. ग्रंथालयात मागून घ्या. शक दिसला की ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९. खिद्रापूरच्या यादव सिंघणाच्या लेखात शक ११३६ आहे, म्हणजे साधारण इ.स. १२१४. लेखात दान आहे. दक्षयज्ञाचा पुरावा त्यात शोधू नका. हरिद्वारजवळचं कनखलही दक्षयज्ञाची जागा म्हणून पूजलं जातं. एका घटनेच्या दोन जागा दिसल्या की थांबावं. इथं नंदी नाही हे डोळ्यांना दिसतं, आणि 'का नाही' याचं उत्तर देण्यासाठी कथा जन्मली असावी, हे जास्त पटतं.

लेख वाचताना सगळ्यात जास्त घसरगुंडी होते ती न लिहिलेलं वाचण्यात. संजानच्या ताम्रपटात (शक ७९३) राष्ट्रकूट अमोघवर्षानं लोकांवरचं संकट टळावं म्हणून डाव्या हाताचं बोट महालक्ष्मीला वाहिल्याचं आहे. ही महालक्ष्मी म्हणजे आपली अंबाबाई, असं सर्रास छापलं जातं. ताम्रपटात कोल्हापूरचं नाव नाही. अंदाज चांगला आहे, पण वहीत 'अंदाज' असंच लिहा.

शेवटी माती. जुन्या वस्तीची पांढर राखट, भुसभुशीत असते आणि तिच्यात खापरं, विटांचे तुकडे, कोळसा मिसळलेला असतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीत १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली विटांची घरं मिळाली. तिथंच सापडलेला ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा छोटा पुतळा टाऊन हॉल संग्रहालयात आहे. तो जरूर बघा. दोन हजार वर्षांपूर्वी इथं वस्ती होती आणि रोमन व्यापाराचा माल इथवर पोचत होता, एवढं त्यातून पक्कं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तिसरा होता तिथंच राहिला.

हस्तिनापूरचंही तसंच. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांना १९५०-५२ च्या उत्खननात तिथं वस्तीचा काही भाग गंगेच्या पुरानं वाहून गेल्याच्या खुणा मिळाल्या. पुरामुळं राजधानी कौशांबीला हलवल्याचं पुराणं सांगतात, त्याच्याशी हे जुळतं. युद्धाबद्दल तो पूर काहीच सांगत नाही. कोळशातला कार्बन मोजून काढलेल्या तारखेलाही हेच लागू: ती कोळशाचं वय सांगते, कथेचं नाही. लाकूड आधीपासूनच जुनं असेल तर थराचं वय खऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

शिवारात खापर दिसलं तर उचलू नका. शेजारी पेन ठेवून फोटो घ्या, गट नंबर आणि उत्तर दिशा लिहा. जागेवरून हललेलं खापर कुठल्या थरातलं होतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. खणायचं तर मुळीच नाही, त्याला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो. वहीत प्रत्येक प्रश्नासमोर वेगळा शेरा मारा: पक्कं, संभाव्य, निव्वळ परंपरा किंवा पुराव्याविरुद्ध. तिन्हींना मिळून एकच शेरा देऊ नका.