तालमीत पोरी सुरक्षित राहाव्यात म्हणून पालकांनी एकत्र कसं यायचं, बडोद्यातून लिहितेय

तालमीत पोरीशी कोणी लैंगिक गैरवर्तन केलं तर तेव्हा बघू, असं म्हणत थांबू नका. झाल्यावर प्रत्येक घर आपापलं दार लावून घेतं, बदनामी होईल, पोरीच्या लग्नाचं काय, वस्तादांनी केवढं केलंय आपल्यासाठी, आणि मग एका बाजूला ती पोरगी आणि तिची आई उरते, दुसऱ्या बाजूला अख्खी तालीम. म्हणून सगळं नीट चाललंय तेव्हाच सुरुवात करा.

बडोद्यातल्या मराठी घरांना व्यायामाचं वेड पिढ्यान्पिढ्यांचं, व्यायामगुरू प्रोफेसर माणिकरावांचं नाव आजही आदराने घेतलं जातं, आणि आता पोरी गुजरात सरकारच्या खेल महाकुंभ स्पर्धेत कुस्तीला उतरतात याचा मला मनापासून आनंद आहे. पण गल्लीतली छोटी तालीम, खासगी क्लास, जत्रेतल्या कुस्त्या, इथे विचारणारं कोणी नसतं. शिकवणार वस्ताद, कुस्ती जोडणार वस्ताद, फी माफ करणार वस्ताद, आणि बाहेरगावी गाडीतून नेणारही तेच. सगळ्या किल्ल्या एकाच माणसाच्या खिशात, धोका इथेच आहे, माणूस कितीही चांगला असला तरी.

ब्रिटनमध्ये हेच झालं. तिथल्या छोट्या छोट्या स्वतंत्र प्रो-रेसलिंग (तिकीट लावून शो करतात ती कुस्ती) कंपन्यांमधल्या बायका जून २०२० मध्ये ‘स्पीकिंग आउट’ म्हणत लैंगिक छळाबद्दल एकामागून एक बोलायला लागल्या, कारण ट्रेनर आणि शोवाले यांच्यावर कोणाचाच वचक नव्हता. एकीचं वाचून दुसरीला धीर आला. पुढे २०२१ मध्ये तिथल्या खासदारांच्या गटाने या धंद्यावर रिपोर्ट काढला. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे कुस्तीगीर दिल्लीत जंतरमंतरवर बसले, कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते (ते आरोप नाकारतात), आणि एफआयआर झाला कधी तर सुप्रीम कोर्टात गेल्यावर, एप्रिल संपताना. ऑलिंपिक पदक गळ्यात असलेल्या साक्षीला रस्त्यावर बसावं लागलं, तर मग अकरावीतल्या पोरीने एकटीने काय करायचं सांगा.

तर तीन-चार आया गोळा करा, बापही येऊ देत, पण भेटायचं तालमीच्या बाहेर, वाडीत कोणाच्या घरी किंवा सुरसागर तलावापाशी. वस्ताद ज्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत तिथे हा विषय काढूच नका. पोरींशी वेगळं बोलायला पूर्वी कुस्ती खेळलेली एखादी ताई असेल तर उत्तम, आणि “तुला कोणी काही केलं का” असं थेट विचारू नका, पोरगी लगेच नाही म्हणते. त्यापेक्षा विचारा की तालमीत कुठे अवघडल्यासारखं होतं. मग हळूहळू निघतं, वजन करताना, मालिश, रात्री साडेदहाला आलेला मेसेज, पुढच्या सीटवरच बस म्हणणं.

यातूनच नियम काढायचे. कुस्तीत अंगाला हात लागणारच, डाव शिकवताना पकड दाखवावीच लागते, पण ती पकड जोडीदार पोरीवर दाखवता येते, वस्तादांनी बाजूला उभं राहून सांगायचं, आणि हात लावायचाच झाला तर आधी बोलून, सगळ्यांसमोर. वजनाचं नीट ऐका, पोरी कमीत कमी कपड्यांत काट्यावर उभ्या राहतात, त्या खोलीत बाईच पाहिजे, दार आतून लावून एकटा पुरुष नको, फोन बाहेर ठेवायचे. मालिश, दुखापत बघणं हे बंद खोलीत नाही. बाहेरगावी जाताना एक आई बरोबर, तिचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा, पोरींची खोली वेगळी. मेसेज फक्त ग्रुपवर, ज्यात पालक आहेत. आणि कोण खेळणार हे ट्रायल घेऊन, पालकांसमोर ठरायला हवं, हा नियम सगळ्यात जास्त अडवतील पण सोडू नका, निवडीच्या भीतीनेच पोरी गप्प बसतात.

हे कागदावर लिहा आणि चार-पाच जण मिळून वस्तादांकडे जा. चांगला वस्ताद चिडत नाही, त्यांनाही खोट्या संशयातून मोकळं व्हायचं असतं. “काकू, आम्ही बापासारखे आहोत, आमच्यावर विश्वास नाही?” असं म्हणाले तर शांतपणे सांगा, सर, विश्वास आहे, नियम सगळ्यांसाठीच आहेत. आणि भिंतीवर लावून घ्या, १०९८ (मुलांसाठी), ११२ (पोलीस) आणि १८१ अभयम (गुजरातची महिला हेल्पलाइन) या नंबरांसकट.

आता पोरगी काही सांगते तेव्हा. ऐकून घ्या, तू आधी का नाही बोललीस हे विचारू नका, पाच जणांपुढे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. तिचे शब्द तिच्याच भाषेत तारखेसकट लिहून ठेवा, मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट दोन ठिकाणी ठेवा. त्या माणसाला जाब विचारायला धावू नका, तो आधी पुरावा पुसतो आणि मग बाकीच्या पोरींना धमकावतो. कोणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका, कारण ती अठराच्या आत असेल तर मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो, मुलग्यांनाही लागतो, आणि माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. समाजातले वडीलधारे बसून मिटवू म्हणतील, त्यांना हेच सांगा. जबाब शक्यतो बाई अधिकारी घेतात, युनिफॉर्मशिवाय, पोरीच्या घरी घेता येतो, हे मागून घ्या.

अठराच्या वर असेल तर निर्णय तिचा, तुम्ही फक्त रस्ते सांगा. २०१३ च्या कामाच्या जागेवरच्या लैंगिक छळाच्या कायद्यात खेळाची संस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा हे सगळं येतं. दहा किंवा जास्त लोक काम करत असतील तर संस्थेच्या आतच तक्रार ऐकणारी समिती असायलाच हवी, नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत, कारण पटलं तर अजून तीन महिने मिळतात. पोलिसांत जायचं तर जवळच्या कुठल्याही स्टेशनला एफआयआर घ्यावाच लागतो, घटना सुरतला झाली असली तरी. बडोद्यात सहियरसारखी जुनी स्त्री संघटना आहे, तिथेही बोला.

नाव बाहेर जाऊ देऊ नका. पोरीचं नाव, फोटो, शाळा, तालमीचं नाव ज्यावरून ती ओळखता येईल असं काहीच नको, कायद्याने मनाई आहे. त्या माणसाचं नाव ग्रुपवर फिरवलं तर तोच अब्रूनुकसानीचा दावा ठोकतो, म्हणून ते तक्रारीत लिहा, फॉरवर्डमध्ये नाही. कामं वाटून घ्या, एक जण पोरीबरोबर, एक जण कागद सांभाळायला, एक जण बाकी पालकांशी बोलायला, आणि थोडे पैसे आधीच जमवून ठेवा, वकील, रिक्षा, सुट्टीचा पगार, सगळं लागतं.

आणि तिची प्रॅक्टिस तुटू देऊ नका, घरचे पहिल्याच दिवशी म्हणतात आता कुस्ती बंद. तक्रार देतानाच दुसरी तालीम बघून ठेवा, तिथल्या सरांना फक्त एवढंच सांगा की एक पोरगी येतेय, जोडीदार तिच्याच वजनाची द्या, आणि पहिले दोन महिने तिला सोडायला-आणायला कोण जाणार याचे वार आयांनी आपसात ठरवून घ्या.