वाईनच्या द्राक्षाला रंग चढताना या चुका टाळा

शिराज या लाल वाईनच्या द्राक्षाच्या घडात पहिला जांभळा मणी दिसला की काढणीचे बेत सुरू होतात. तो मणी तोडून नखाने फोडून पाहा. साल जांभळी, गर बिनरंगी आणि बी अजून हिरवी. रंग सालीतच असतो. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे तो मऊ पडून पिकायला लागला, एवढंच तो सांगतो. या वेळी साखर ८ ते १० ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची अंदाजे टक्केवारी) आसपास असते आणि लाल वाईनला साधारण २२ ते २४ लागते. म्हणजे अजून पाच-सहा आठवडे आहेत, आणि बहुतेक चुका याच आठवड्यांत होतात.

रंग यावा म्हणून पानं ओरबाडणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. नारायणगाव असो की बारामती, फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरला होते आणि माल फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात पिकतो. घडाला उजेड हवा हे खरं, पण मण्याचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की सालीतलं अँथोसायनिन, म्हणजे रंगद्रव्य, बनणं मंदावतं आणि बनलेलंही मोडतं. दुपारच्या उन्हातला मणी भोवतालच्या हवेपेक्षा बराच तापतो. मग पश्चिमेकडचे घड विटकरी, भाजलेले दिसतात आणि सावलीतले गर्द.

ओळी उत्तर-दक्षिण असतील तर घडाजवळची पानं फक्त पूर्वेकडून काढा, तीही मणी हिरवे, कडक असतानाच. तेव्हापासून ऊन मिळालं की साल सरावते. सावलीत वाढलेला घड पाणी उतरल्यावर एकदम उघडा पडला तर भाजतोच. काडीवर १२ ते १५ निरोगी पानं राहिलीच पाहिजेत, साखर तीच बनवतात.

पाण्याची दोन टोकं

पाणी उतरल्यावर ठिबक पूर्वीसारखंच चालू ठेवलं तर वेलीचा शेंडा वाढत राहतो, मणी फुगतो, रस पातळ होतो. घट्ट घडात मणी एकमेकांना दाबून तडकतात आणि आतून कूज सुरू होते. पाणी पूर्ण तोडलं तर मणी सुकतो. त्यातून ब्रिक्स चढलेलं दिसतं, ते पिकल्यामुळे नव्हे, आटल्यामुळे. पाणी टप्प्याटप्प्याने कमी करा. शेंड्याची वाढ थांबावी, पण खालची पानं पिवळी पडू नयेत, हा अंदाज धरा. या काळात नत्र देऊ नका. पालाश, म्हणजे पोटॅश, हाही देठ परीक्षणाशिवाय (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय) नको. जास्त झाला तर रसाचा पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा घटतो, आणि वाईनचा रंग फिका पडतो.

खायच्या द्राक्षाची सवय इथे आणू नका. मणी फुगवण्यासाठी जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड हे संजीवक) मुळीच नको. वाईनला लहान मणीच हवा, कारण रसाच्या मानाने साल जास्त मिळते.

एकाच घडात हिरवे आणि काळे मणी

थोडे दिवस असं दिसणं स्वाभाविक आहे, सगळे मणी एकदम फिरत नाहीत. पण ८० टक्के घड रंगल्यावरही काही पूर्ण हिरवे असतील तर वेलीवर माल जास्त झाला आहे. ते मागे पडलेले घड कापून टाका. जीवावर येतं, पण तेच घड पुढे सगळ्या रसाची प्रत उतरवतात. दर वर्षी त्याच वेली मागे राहत असतील, पानं शिरा हिरव्या ठेवून लालसर होत खाली वळत असतील, तर लीफरोल विषाणूची तपासणी करून घ्या. अशा वेलीच्या काड्या कलमासाठी वापरू नका.

चार गोड मणी चाखून काढणी ठरवणं

हात नेहमी सगळ्यात काळ्या मण्याकडेच जातो. कडेच्या ओळी सोडून बागभर फिरत १०० मणी घ्या: ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्याचे, मधले, टोकाचे. सकाळी एकाच वेळेला, आठवड्यातून दोनदा. सगळे एकत्र कुस्करून गाळलेल्या रसाचं ब्रिक्स घ्या. एकेका मण्याचं नको. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं उपकरण, आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणा. पीएचही मोजा. लाल वाईनसाठी ३.३ ते ३.६ ठीक, ब्रिक्स बसलं पण पीएच ३.७ च्या पुढे गेला तर उशीर झाला आहे.

शेवटी बी चावून बघा. तपकिरी, कुरकुरीत आणि भाजल्या दाण्यासारखी लागली तर माल तयार. हिरवट, तुरट लागली तर ब्रिक्स २२ असलं तरी आणखी चार दिवस थांबून पुन्हा मोजा.