शहर अडलंय कुठे? सिव्हिलायझेशन ६ नव्याने खेळणाऱ्यांसाठी

माझ्या भाच्याने सुट्टी लागल्या लागल्या सिव्हिलायझेशन ६ हा शहरं वसवून साम्राज्य वाढवायचा गेम खेळायला घेतला आणि दुसऱ्याच दिवसापासून मला त्याचे मेसेज यायला लागले. "मावशी, राजधानी तीन लोकसंख्येवरच का अडकलीय?" "मावशी, सेटलरचं बटण दाबलंच जात नाहीये." "अगं, कॅम्पस जिथे हवंय तिथे ठेवताच येत नाही!" सेटलर म्हणजे नवं शहर वसवायला निघणारी तुकडी आणि कॅम्पस म्हणजे शहराचा विज्ञानाचा भाग. गेम २०१६ साली आला तेव्हापासून मी तो खेळतेय आणि हे सगळे प्रश्न मलाही पडले होते. त्याला दिलेली उत्तरं इथे सविस्तर लिहितेय. आकडे स्टँडर्ड स्पीडचे, म्हणजे गेमच्या नेहमीच्या वेगाचे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. शहर नीट वाढत नसेल तर ते एका वेळी बहुधा एकाच गोष्टीपाशी अडलेलं असतं. कधी फूड कमी असतं, कधी हाउसिंग (राहायला जागा), कधी अ‍ॅमेनिटी (लोकांना खूश ठेवणाऱ्या सोयी), कधी प्रॉडक्शन (बांधकामाची ताकद). कुठे अडलंय ते बघायचं आणि तेवढंच सोडवायचं. फूड भरपूर असलेल्या शहरात आणखी शेतं करण्यात बिल्डरचे (शेतं-खाणी करणाऱ्या कामगाराचे) मोजके चार्ज, म्हणजे त्याला करता येणारी कामं, फुकट जातात.

राजधानी तीनवर का अडली?

प्रत्येक नागरिक एक टाइल (नकाशावरचं एक घर) कसतो आणि दर टर्नला (खेळातल्या फेरीला) २ फूड खातो. खाऊन जे उरेल ते साठतं आणि साठा भरला की नवा नागरिक येतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर जायला १५ फूड लागतं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर २४, आणि पुढे आकडा चढतच जातो.

भाच्याचा स्क्रीनशॉट बघितला. त्याने शहराच्या पॅनलमध्ये प्रॉडक्शनच्या चिन्हावर क्लिक करून ठेवलं होतं. त्यामुळे तीनपैकी दोन नागरिक जंगल असलेल्या प्लेन्स (मैदानी) टेकड्यांवर गेले होते आणि तिसरा साध्या गवताळ टाइलवर होता. आता हिशेब करा. सिटी सेंटर २ फूड देतं, दोन टेकड्या प्रत्येकी १ देतात, गवताळ टाइल २. एकूण ६. तिघांचं खाणंही ६. शिल्लक शून्य! असं शहर शंभर टर्न दिल्या तरी तीनवरच राहणार. आणि त्याच्या सीमेतच शेत केलेली भाताची टाइल रिकामी पडली होती. ती एकटी ४ फूड देते.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. शहर निवडून नागरिकांच्या बटणावर क्लिक करा. टाइलवर छोटी डोकी दिसतील. जिथे माणूस हवाय त्या टाइलवर क्लिक केलं की तो तिथे जातो आणि कुलूप लागतं. एका टेकडीवरचा माणूस भातावर आणल्यावर दर टर्नला ३ फूड शिल्लक पडायला लागलं. नवीन नागरिक आला की मी ही खिडकी उघडून बघतेच. पहिल्या पन्नास टर्नमध्ये या सवयीचा जितका फायदा होतो तितका दुसऱ्या कशाचाच होत नाही, असं माझं ठाम मत आहे. फक्त कुलूप लावलेलं लक्षात ठेवा. गरज सरली की ते काढा, नाहीतर पुढे चांगली टाइल मिळूनही माणूस जुन्याच जागी राबत राहतो.

फूड आहे, तरी वाढ मंद

मग हाउसिंग बघा. नदी, तळं किंवा ओअॅसिस शेजारी असलेल्या शहराला सुरुवातीला ५ हाउसिंग मिळतं, नुसत्या समुद्रकाठी ३, आणि पाणीच नसेल तर २. लोकसंख्या हाउसिंगपेक्षा एकने कमी असली की वाढ निम्मी होते. बरोबरीला आली की पाव.

माझ्या पहिल्याच खेळात मी डोंगररांगेखाली एक शहर वसवलं होतं. तिन्ही बाजूंनी डोंगर, कॅम्पससाठी याहून चांगली जागा नाही. पण पाणी नव्हतं. ते शहर दोनवर जे रेंगाळलं ते रेंगाळलंच. मी एकामागून एक शेतं करत होते आणि फरक पडत नव्हता, कारण शेताने जेमतेम अर्धं हाउसिंग मिळतं. ग्रॅनरीने (धान्याच्या कोठाराने) २ मिळालं तेव्हा थोडा श्वास आला. खरी सुटका अ‍ॅक्विडक्टने, म्हणजे पाणी आणणाऱ्या कालव्याने केली. तो सिटी सेंटरला लागून असावा लागतो, आणि त्याला नदी, तळं, ओअॅसिस किंवा डोंगर यांपैकी काहीतरी लागून असावं लागतं. म्हणजे डोंगरही चालतो! बिनपाण्याच्या शहराचं पाण्यापासूनचं हाउसिंग त्याने थेट ६ वर जातं. पण त्यासाठी इंजिनिअरिंग संशोधन लागतं, आणि तोवर बराच काळ गेलेला असतो.

म्हणून सेटलर निवडल्यावर नकाशावर जे रंग उमटतात ते वाचायला शिका. गडद हिरव्यावर गोडं पाणी आहे, फिक्या हिरव्यावर समुद्रकाठ. लाल जागी शहर वसवताच येत नाही. पहिली दोन-तीन शहरं तरी गडद हिरव्यावर वसवा. त्यातही नदीकाठची प्लेन्स टेकडी मिळाली तर सोनंच, कारण तिथे सिटी सेंटर २ फूडबरोबर १ ऐवजी २ प्रॉडक्शन देतं.

अ‍ॅमेनिटीचं थोडक्यात सांगते. साधारण दर दोन नागरिकांमागे एक लागते. एक लक्झरी रिसोर्स (चैनीची वस्तू) चार शहरांना प्रत्येकी एक अ‍ॅमेनिटी देतो. त्याच लक्झरीची दुसरी प्रत असून काही वाढत नाही. ती शेजारच्या राजाला द्या आणि बदल्यात तुमच्याकडे नसलेली लक्झरी किंवा सोनं मागा.

सेटलर का बनत नाही?

सेटलर तयार झाला की शहरातला एक नागरिक त्याच्याबरोबर जातो. म्हणून लोकसंख्या किमान २ असल्याशिवाय तो पर्यायच उघडत नाही. पहिल्या सेटलरला ८० प्रॉडक्शन लागतं आणि पुढचा प्रत्येक सेटलर महाग होत जातो. सेटलर चालू असताना मात्र मी नागरिकांना मुद्दाम टेकड्यांवर आणि खाणींवर धाडते. अर्ली एम्पायर सिव्हिक (संस्कृतीच्या शाखेतला शोध) मिळालं की कोलोनायझेशन कार्ड (सरकारचं धोरण) लावा, सेटलरच्या प्रॉडक्शनला ५० टक्के वाढ मिळते. साम्राज्याची एकूण लोकसंख्या ६ झाली की या सिव्हिकचं इन्स्पिरेशन (ते लवकर पुरं व्हायला मदत) मिळतं. म्हणजे आधी थोडं वाढून मग सेटलर काढणं दोन्हीकडून फायद्याचं पडतं.

दोन शहरांच्या मध्ये किमान तीन टाइल सोडाव्या लागतात. नवखे लोक भीतीने फार लांब लांब वसवतात. शहर तीन टाइलच्या अंतरापर्यंतचीच जमीन कसू शकतं हे खरं, पण तेवढी सगळी जमीन कसण्याइतकी लोकसंख्या फार उशिरा होते. मी शहरं जवळजवळच वसवते. मधल्या टाइल एका शहराकडून दुसऱ्याकडे देता येतात.

डिस्ट्रिक्ट कुठे आणि कधी?

स्पेशालिटी डिस्ट्रिक्ट (कॅम्पससारखे एकेका कामाचे शहराचे भाग) लोकसंख्येनुसार मिळतात. पहिला १ ला, दुसरा ४ ला, तिसरा ७ ला, चौथा १० ला. अ‍ॅक्विडक्ट यात धरला जात नाही.

कॅम्पसला लागून असलेल्या प्रत्येक डोंगरामागे १ सायन्स मिळतं, म्हणून शहर वसवायच्या आधीच मी नकाशावर पिन लावून ठेवते. भाच्याला हवी असलेली जागा मिळाली नाही, कारण तिथे लक्झरी रिसोर्स होता. त्यावर डिस्ट्रिक्ट बसत नाही. जंगलावर बसतो, पण जंगल काहीही न देता नाहीसं होतं. मायनिंग संशोधन झालं असेल तर आधी बिल्डरकडून जंगल तोडून घ्या, त्याचं प्रॉडक्शन शहराला मिळतं. मग त्या जागी डिस्ट्रिक्ट ठेवा.

आता ही गोष्ट मला फार उशिरा कळली. डिस्ट्रिक्टची किंमत तुमचं संशोधन पुढे सरकेल तशी चढते. कॅम्पस सुरुवातीला ५४ प्रॉडक्शनचं असतं, ते नंतर कितीतरी पट महाग होतं. पण जागेवर ठेवलं की किंमत तिथेच गोठते. म्हणून संशोधन हाती आलं की त्याच टर्नला डिस्ट्रिक्ट ठेवा आणि लगेच परत यादीत जाऊन जे खरोखर तातडीचं आहे ते सुरू करा. अर्धवट डिस्ट्रिक्ट वाट बघत राहतो आणि तुम्ही सवडीने जुन्याच किमतीला तो पूर्ण करू शकता. ती टाइल मात्र ठेवल्यापासून कसता येत नाही, तेव्हा भाताच्या टाइलवर नको.

नवीन शहरात सगळंच चाळीस टर्नचं

ते प्रॉडक्शनपाशी अडलंय. एक नागरिक असलेलं शहर स्वतःच्या बळावर पटकन काही बांधू शकत नाही, त्याला बाहेरून हात द्यावा लागतो. मी सोनं देऊन बिल्डर विकत घेते. त्याचे तीन चार्ज असतात. एकात खाण, एकात चांगलं शेत, आणि तिसऱ्यात जंगलतोड, तीही मॉन्युमेंट किंवा ग्रॅनरी चालू असतानाच. सोबत नव्या शहरातून एक ट्रेडर राजधानीकडे सोडते. देशांतर्गत व्यापाराचं फूड आणि प्रॉडक्शन ज्या शहरातून ट्रेडर निघतो त्याला मिळतं. भाच्याने नेमकं उलटं केलं होतं, राजधानीतून नव्या शहराकडे ट्रेडर पाठवला होता. त्यामुळे आधीच धष्टपुष्ट असलेली राजधानीच जेवत होती. ट्रेडरला मूळ शहर बदलायचा पर्याय असतो. त्याने ते बदललं आणि काल रात्री मेसेज आला, "मावशी, ग्रॅनरी झाली. आता तीनवर गेलं."