आधी डावीकडे बघा

बार्शीत घराच्या वरच्या खोलीत मी इंग्रजीचा क्लास घेते. सकाळी दहावीची पोरं, संध्याकाळी भरतीची तयारी करणारी. गाळलेल्या जागी क्रियापदाचं योग्य रूप भरा, हा प्रश्न दोघांच्याही मानगुटीवर. बाराही काळांचे तक्ते घडाघडा म्हणणारा मुलगा वहीत मात्र ‘ही इज केम’ लिहितो.

ते येतं कुठून? त्याच्या डोक्यात ‘तो आला आहे’ असतं. आला म्हणजे केम, आहे म्हणजे इज, घातली बेरीज. म्हणून मी आधी मराठी वाक्य लिहायला लावते आणि ‘आहे’च्या डावीकडच्या शब्दाच्या शेपटाला गोल करायला सांगते. शेपूट ‘त’ निघालं (येत आहे, लिहीत आहे) तर इज, ॲम किंवा आर, आणि क्रियापदाला आयएनजी: ही इज कमिंग. शेपूट ला-ली-ले-लं निघालं (आला आहे, लिहिलं आहे) तर हॅज किंवा हॅव, आणि तिसरं रूप: ही हॅज कम. एकच ‘आहे’ दोन घरचं पाणी भरतो, हे एकदा कळलं की निम्म्या चुका तिथंच गळतात.

पण बसणं, झोपणं अशी काही क्रियापदं या नियमाला जुमानत नाहीत. ‘तो खुर्चीवर बसला आहे’ म्हणजे ‘ही इज सिटिंग’, ‘बाळ झोपलं आहे’ म्हणजे ‘द बेबी इज स्लीपिंग’. शेपूट ‘ला’चं, तरी इंग्रजीत आयएनजी, कारण ती अवस्था अजून चालू आहे.

‘होता’लाही हीच शेपटाची युक्ती लागते, पण जरा सांभाळून. आपण ‘होता’ उधळत असतो. ‘काल मामा आला होता’ हे आपल्याला सहज वाटतं, इंग्रजीत मात्र ते नुसतं ‘माय अंकल केम यस्टर्डे’ होतं. हॅड तेव्हाच, जेव्हा गोष्टीत दुसरी भूतकाळातली घटना असते आणि ही तिच्याही आधी घडलेली असते: ‘आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा एसटी सुटली होती.’ व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.

पेपरात मराठी वाक्य नसतं, तेव्हा गाळलेल्या जागेच्या डावीकडे बोट ठेवा. तिथं डू, डज, डिड, कॅन, विल, मस्ट यांपैकी कुणी असेल तर पहिलं रूप, काही न जोडता. ‘ती गेली नाही’ यात भूतकाळ ‘गेली’मध्ये आहे, इंग्रजीत तो ‘डिड’ने गिळलेला असतो. म्हणून ‘शी डिड नॉट गो’. वेंट लिहिलं की भूतकाळ दोनदा झाला. हॅज, हॅव, हॅड असेल तर तिसरं रूप. विदाउट, आफ्टर, बाय, इन असले शब्द असतील तर आयएनजी.

राहता राहिला ‘टू’. तो दोन प्रकारचा. ‘आय वाँट टू गो’ बरोबर, पण ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ओळखायचा कसा? ‘टू’च्या पुढे दिवाळी ठेवून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ चालतं, म्हणून तिथं आयएनजी. ‘वाँट टू दिवाळी’ चालत नाही, म्हणून पहिलं रूप.

डावीकडे असं कुणीच नसेल तर कर्ता शोधायचा. आपल्याला इथं सवय आडवी येते. मी आंबा खाल्ला, मी चिंच खाल्ली, मी आंबे खाल्ले: आपलं क्रियापद कर्माकडे बघून रूप बदलतं. इंग्रजी क्रियापदाला कर्माचं सोयरसुतक नाही, ते कर्त्याचं ऐकतं, आणि तेही बहुतेकदा फक्त वर्तमानकाळात. मग परीक्षक काय करतात, तर कर्ता लपवतात. ‘द बॉक्स ऑफ मँगोज’ असं लिहून पुढे इज-आर विचारतात. नजर शेजारच्या मँगोजवर पडते आणि पोरं ‘आर’ ठोकतात. ‘ऑफ’पासून पुढचं बोटाने झाकायचं. उरला बॉक्स. इज. तसंच ‘वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्हज इन पुणे’. राहणारा एकटाच आहे, फ्रेंड्सची गर्दी नुसती बघायला आली आहे.

मग वेळेचा शब्द. यस्टर्डे, अगो, लास्ट वीक, किंवा ‘इन’ लावलेलं, होऊन गेलेलं साल दिसलं की दुसरं रूप. तिथं हॅव आणायचा नाही. हे मी स्वतः तोंडघशी पडून शिकले. पहिल्याच मुलाखतीत मी ऐटीत म्हणाले, ‘आय हॅव कम्प्लीटेड माय बीएड इन 1996.’ समोरच्या बाईंनी मान वर न करता नुसतं ‘कम्प्लीटेड’ म्हटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. कान अजून गरम होतात.

उलट ‘मी इथे दहा वर्षं राहते’ यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो, आणि इंग्रजी तिथं ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स’ मागते. मुदत असेल तर फॉर, सुरुवात असेल तर सिन्स: सिन्स 2015.

सगळ्यात लबाड आपला ‘ला’च. ‘पाऊस पडला तर आम्ही जाणार नाही’ यातला पाऊस अजून पडलेलाच नाही, तरी रूप भूतकाळाचं. म्हणून पोरं ‘इफ इट रेन्ड’ लिहितात. पुढे ‘विल’ असेल तर ‘इफ’च्या घरात साधा वर्तमान: इफ इट रेन्स, वी विल नॉट गो. ‘इफ’ला चिकटून ‘विल’ही नको.

परवा हे शिकवत असताना खालून एका मुलाच्या आईने हाक मारली. तो ओरडला, ‘आलो, आलो!’ मी म्हटलं, हेच इंग्रजीत सांग. ‘आय केम, आय केम!’ वर्ग हसला. ‘आय ॲम कमिंग’ त्याने वहीत तीनदा लिहून काढलं. तोवर आईच जिना चढून वर आली.