स्टेजवर गाल तापतात, घामाच्या धारा लागतात? मग हे करून बघा

एन्ट्री घेतली रे घेतली की कान तापतात, गळ्यावर लाल चट्टे उठतात, वरच्या ओठावर घाम जमतो आणि मग डायलॉगपेक्षा त्या घामाकडेच सगळं लक्ष, असं ज्यांचं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी लिहितेय. हौशी नाटकं आणि गणपतीतल्या कार्यक्रमांचं निवेदन असं दोन्ही करते त्यामुळे हा प्रकार अगदी जवळून माहितीये. माझं म्हणणं एवढंच की उकाड्याचा बंदोबस्त जितका करता येईल तितका करा, पण लाली थांबवायच्या फंदात पडू नका, कारण उकाडा आपल्या हातात असतो आणि लाली नसते.

लाली का येते ते आधी बघू. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आल्या की शरीरात अ‍ॅड्रेनलिन हे घाबरल्यावर सुटणारं संप्रेरक सुटतं, छाती धडधडते, हातापायाच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात पण गालाच्या, कानाच्या उलट रुंद होतात, म्हणून तर हात बर्फासारखे गार आणि तोंड मात्र तापलेलं असा विचित्र मामला होतो. हे सगळं आपोआप होतं, ‘नको लाल होऊस’ म्हणून थांबत नाही, उलट तसं म्हटलं की अजून टेन्शन येतं आणि अजून रक्त चढतं. नादी लागलं नाही तर काही मिनिटांत आपलं आपण उतरतं.

आणि खरं सांगू का, आपल्यात बहुतेकांचा रंग गव्हाळ नाहीतर सावळा, त्यामुळे आतून जेवढं जाणवतं तेवढं चौथ्या रांगेतल्या माणसाला दिसतच नाही. गोरीपान असाल तर दिसेल थोडं, पण तरी आपल्याला वाटतं तेवढं नाही. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एक मस्त प्रयोग केला होता, २००० साली तो छापून आला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा एका गायकाचा फोटो छापलेला टीशर्ट घालायला लावून बाकीचे बसलेल्या खोलीत पाठवायचं. घालणाऱ्याला वाटायचं निम्म्या लोकांनी तरी बघितलं असणार, प्रत्यक्षात साधारण चौथा हिस्सा लोकांच्याच लक्षात यायचं. तुमच्या गालांचंही तेच.

म्हणून ग्रीनरूममध्ये एक नियम करा, कोणी कोणाला ‘अगं किती लाल झालीस’ म्हणायचं नाही. हे वाक्य कानावर पडलं की नसलेली लालीसुद्धा येते. तुम्ही पण दर पाच मिनिटांनी ‘ए मी लाल दिसतेय का’ विचारत फिरू नका.

डोक्यातल्या भीतीसाठी मला सगळ्यात आवडलेली युक्ती व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांची. त्यांच्याकडे घाम येण्याच्या भीतीनेच घामाघूम होणारा एक तरुण डॉक्टर आला होता, त्याला त्यांनी सांगितलं की घाम लपवू नकोस, उलट किती घाम काढता येतो ते लोकांना दाखवायचंच असं ठरवून जा. आणि भीतीच गेली त्याची. तर विंगेत उभं असताना मनातल्या मनात म्हणायचं, आज पहिल्या रांगेला दिसेल एवढं लाल होऊन दाखवते. हसू येतं आणि खांदे सैल पडतात. तेवढ्यात श्वास सोडताना जरा लांबवायचा, घेताना चार मोजले तर सोडताना सहा-सात, एवढं पुरे. मोठमोठे श्वास भराभर घ्यायच्या भानगडीत पडू नका, चक्कर येते.

आता उकाडा. इथे करण्यासारखं बरंच आहे. गणपतीचा सीझन म्हणजे पावसाळी दमट हवा, वर पत्र्याचा मांडव, घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही, त्यात जुने हॅलोजन लाईट असतील तर विचारूच नका, एकेक हजार वॅटचा आणि त्यातली बहुतेक वीज उष्णता म्हणूनच बाहेर पडते. एलईडी असतील तर नशीब. लाईटवाल्याशी आधीच गोड बोलून ठेवा आणि विंगेत स्टँडवर जे साईडचे लाईट असतात त्यांच्या शेजारी एन्ट्रीची वाट बघत उभे राहू नका, बरेच जण नेमके तिथेच घुटमळतात. लाईटच्या रंगाचंही लक्षात ठेवा, लालसर आणि पिवळसर उजेडात गालाची लाली विरघळून जाते, पांढऱ्याफटक उजेडात उठून दिसते.

भाड्याचे ड्रेस पॉलिस्टरचे, त्यावर जरीकाम आणि टिकल्या, आत हवा म्हणून जात नाही. अंगरखा नाहीतर शेरवानी असेल तर आत पातळ सुती बनियन घालाच, घाम ते पितं आणि पाठीवर ओला डाग दिसत नाही. नऊवारीवाल्यांनी ब्लाउजचं अस्तर सुती आहे ना ते बघून घ्यावं. अजून एक, साडी नेसल्यावर बाथरूमला जायला लागू नये म्हणून बायका दुपारपासून पाणीच पीत नाहीत. हे मला अजिबात पटत नाही. पाणी कमी पडलं की अंग लवकर तापतं आणि तोंडाला कोरड पडते ती वेगळीच. साडी नेसायच्या आधीपर्यंत भरपूर प्या, मग घोट घोट. कोकम सरबत नाहीतर मीठ घातलेलं लिंबू सरबत असेल तर उत्तमच.

शोच्या आधी मिसळ मागवायची आपल्याकडे भारी हौस. तिखटाने शरीराला गरम झाल्याचाच भास होतो, नाकाडोळ्यातून पाणी आणि कपाळावर घाम, तर तर्री शो झाल्यावर. कडक चहा पण एन्ट्रीच्या तोंडावर नको. आणि धीर यावा म्हणून कोणी ‘थोडीशी’ घेत असेल तर दारूने चेहरा अजून लाल होतो हे त्याला सांगा.

अंग गार करायला तळहात फार कामाचे, कारण तळहात, तळपाय आणि चेहरा इथून शरीर उष्णता पटकन बाहेर टाकतं. गार पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून बसा, पण बर्फ मुठीत दाबू नका, जास्त गारव्याने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उपयोग जातो. मानेवर ओला नॅपकिन टाका. गाणाऱ्यांना बर्फाचं पाणी पिऊन घशाची भीती वाटते, त्यांनी पाणी साधंच प्यावं, गारवा बाहेरून. छोटा चार्जिंगचा पंखा विंगेत ठेवा, फक्त माईक चालू असताना तोंडासमोर धरू नका, घरघर स्पीकरमधून ऐकू येते.

मेकअप थोडक्यात. लाली खूप खुपत असेल तर बेसच्या आधी गालावर, गळ्यावर हिरवट करेक्टरचा अगदी पातळ हात, हिरवा रंग लालला मारतो. घाम पुसायचा नाही, टिपायचा. टिश्यूची घडी वरच्या ओठावर, कपाळावर नुसती दाबायची, दोन सेकंद थांबून उचलायची, मग त्यावर पावडरचा पफ तसाच दाबून. रुमालाने खसाखसा पुसलंत की पॅनकेकचे, म्हणजे मेकअपच्या बेसचे, पट्टे पडतात आणि घासल्याने कातडी अजून लाल.

तालमीत पंखा नको अशी आमच्या दिग्दर्शकाची सक्ती असायची तेव्हा आम्ही वैतागायचो, पण त्यात तथ्य आहे. साधारण आठवडा ते दोन आठवडे रोज गरम हवेत हालचाल केली की शरीर सरावतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि अंग कमी तापतं. शेवटच्या आठवड्यातल्या रनथ्रू, म्हणजे न थांबता सलग तालमी, पूर्ण ड्रेसमध्ये करा. पाणी मात्र जवळ ठेवूनच, आणि कोणाला गरगरलं, मळमळलं, डोकं ठणकलं तर तालीम थांबवून सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करायचे, पाय वर. बडबड असंबद्ध व्हायला लागली तर अंगावर पाणी ओतत थेट हॉस्पिटल.

गोळ्यांबद्दल. धडधड आणि हाताची थरथर कमी करायला प्रोप्रॅनोलॉल घेणारे कलाकार जगभर आहेत, पण ती डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, दम्याच्या माणसाला तर धोक्याचीच, तेव्हा मित्राच्या पाकिटातली उचलून तोंडात टाकू नका. घाम आणि लालीसाठी छातीतला मज्जातंतू कापायचं ऑपरेशनही असतं, त्यानंतर बऱ्याच जणांना पाठीला पोटाला घाम सुटायला लागतो, मी तरी त्या वाटेला जाणार नाही. स्टेज नसतानाही चेहरा कायम लाल राहत असेल, जळजळत असेल तर स्किनवाल्याला दाखवा, रोझेशिया नावाचा त्वचेचा आजार असू शकतो. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना अचानक वाफा येत असतील तर पाळी जायच्या काळातलं असेल, थायरॉइड पण तपासून घ्या.