विकिपीडियावर कोकणच्या खेळाडूंबद्दल लिहिताना या चुका टाळा

खेळाडूंच्या लेखांवर होणारी भांडणं मी बरीच वर्षं जवळून पाहतोय. त्यातल्या फार थोड्या भांडणांत कुणी मुद्दाम खोटं लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा दोन्ही संपादकांची माहिती खरीच असते. पण ती केव्हाची आणि कुठून घेतली, हे दोघांनीही लिहिलेलं नसतं. मग एक खोडतो, दुसरा परत लिहितो, आणि दोघंही फुकट काम करणारी चांगली माणसं असून एकमेकांची तोंडं बघेनाशी होतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून अशाच माणसांच्या जिवावर चालला आहे. त्यातला एक जरी कंटाळून गेला तरी आपल्याकडच्या कबड्डी, खो-खो, क्रिकेटच्या लेखांचं नुकसान होतं.

जन्माचा जिल्हा आजच्या नकाशावरून लिहिणे

कोकणात सगळ्यात जास्त वाद यावरून होतात. रमाकांत आचरेकर सरांचंच घ्या. जन्म १९३२, मालवण. एक जण जिल्हा 'सिंधुदुर्ग' लिहितो, कारण मालवण आज तिथेच आहे. दुसरा ते काढून 'रत्नागिरी' करतो, कारण सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. अलिबाग-रोह्याकडचा जुना खेळाडू असेल तर १९८१ पूर्वी तो जिल्हा कुलाबा होता, रायगड नव्हे. डहाणू-पालघरचा असेल तर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे. आणि १ मे १९६० च्या आधी जन्मलेल्याच्या नावापुढे 'महाराष्ट्र राज्य' लिहिलं, तर ते राज्यच तेव्हा अस्तित्वात नव्हतं.

यावर साधा उपाय आहे. माहितीचौकटीत (लेखाच्या सुरुवातीला बाजूला दिसणाऱ्या तक्त्यात) जन्माच्या वेळचं नाव आधी द्या आणि आजचं कंसात: 'मालवण, रत्नागिरी जिल्हा, मुंबई इलाखा (आता सिंधुदुर्ग जिल्हा, महाराष्ट्र)'. ओळ लांबते, पण वाद तिथेच संपतो. बदल जतन करताना सारांशाची चौकट रिकामी सोडू नका. 'जन्माच्या वेळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग १९८१ पासून, चर्चा पानावर लिहिलं आहे' एवढं लिहिलं तरी समोरच्याला कळतं की तुम्ही त्याचं म्हणणं वाचलंय. निम्मा राग तिथेच उतरतो. (चर्चा पान म्हणजे प्रत्येक लेखाला जोडलेलं, संपादकांनी आपसात बोलायचं पान.)

आडनावावरून गाव ठरवणे

आपल्याकडे आडनावातच गाव असतं, त्यामुळे हा मोह सुटत नाही. पण मूळ गाव वेगळं आणि जन्मस्थळ वेगळं. जुने क्रिकेटपटू बाळू पालवणकरांचं आडनाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणचं, जन्म मात्र धारवाडचा. सुनील गावसकर जन्मले मुंबईत. याउलट दिलीप वेंगसरकरांचा जन्म राजापूरचा नोंदलेला आहे. 'आमच्या आजोबांना माहीत होतं ते आमच्याच वाडीतले' हे खरं असेलही, पण छापील आधार मिळेपर्यंत ते लेखात नको. मूळ गावाचा आधार असेल तर तो मजकुरात वेगळ्या वाक्यात द्या, जन्मस्थळाच्या रकान्यात घुसवू नका. आडनावावरून कुणाची जात लावण्याचा प्रकारही दिसतो. हयात माणसाच्या लेखात असं काही सापडलं आणि त्याला संदर्भ नसेल, तर चर्चेची वाट न बघता काढून टाका.

आकडा लिहिणे, पण कशाचा ते न लिहिणे

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. कुणी तरी त्यांच्या प्रथम श्रेणी बळींशी हा आकडा ताडून बघतो, जुळत नाही म्हणून 'चूक' म्हणत उलटवतो, म्हणजे बदल रद्द करून आधीची आवृत्ती परत आणतो. मुळात त्या दौऱ्यातल्या २३ सामन्यांपैकी प्रथम श्रेणीचे १४ होते, आणि ११४ हा सगळ्या सामन्यांचा हिशोब आहे. आकड्यामागे 'सर्व सामने' हे दोन शब्द असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

स्पर्धेच्या वर्षाचंही तसंच होतं. हांगझोऊचे आशियाई खेळ झाले २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पण त्यांचं अधिकृत नाव '२०२२ आशियाई खेळ' हेच राहिलं. टोकियो २०२० ऑलिंपिकही २०२१ मध्ये झालं. म्हणून स्पर्धेच्या नावात २०२२ आणि सामन्याच्या तारखेत २०२३, असं दोन्ही लिहा.

खेळत असलेल्या खेळाडूची आकडेवारी बदलताना सामने, धावा, बळी, सरासरी सगळं एकदम बदला आणि खाली 'अमुक तारखेपर्यंत' टाका. सामन्यांची संख्या वाढवली आणि धावा जुन्याच ठेवल्या, की पुढचा माणूस कशावर विश्वास ठेवणार? सामना चालू असताना तर माहितीचौकटीला हातच लावू नये. तेव्हा चार जण एकाच वेळी जतन करायला जातात, आणि घाईत कुणाचा तरी मजकूर पुसला जातो.

जुनी वाक्यं तशीच राहतात, तीही तपासा. 'आशियाई खेळांत भारतीय पुरुष कबड्डीत कधीच हरले नाहीत' हे २०१४ पर्यंत खरं होतं, १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं होती. २०१८ मध्ये जकार्ताला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला हरवलं. ते वाक्य आता भूतकाळात आणि वर्षांसह लिहायला हवं.

मैदानावरची भाषा लेखात आणणे

हांगझोऊचा पुरुषांचा अंतिम सामना २८-२८ वर असताना एका चढाईच्या गुणांवरून बराच वेळ थांबला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. यावर लिहिताना आपल्याकडच्या एखाद्याला 'इराणचा रडीचा डाव' लिहावंसं वाटेल, उलट बाजूचा 'पंचांनी बहाल केलेलं सुवर्ण' लिहील. दोन्ही नकोत. गुण किती होते, खेळ कशामुळे थांबला, निकाल काय लागला, आणि कोणी काय आक्षेप घेतला ते त्याच्या नावासह लिहा. मत कुणाचं हे सांगितलं की ते विकिपीडियाचं मत राहत नाही.

'मी स्वतः मैदानात होतो' हा संदर्भ देणे

तुम्ही होता, मान्य. पण वाचकाला ते तपासता येत नाही. गावच्या रात्रीच्या कबड्डी स्पर्धेत कुणी एका चढाईत पाच गडी मारले, याला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला गुणफलकाचा फोटो पुरत नाही. स्थानिक दैनिकातली बातमी चालते, आणि ती ऑनलाइन असलीच पाहिजे असं नाही. दैनिकाचं नाव, तारीख, आवृत्ती, पान क्रमांक एवढं द्या. जुने अंक शोधायचे तर आधी वाचनालयात विचारा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे. घरात कात्रणं असतील तर आजच त्यांचे फोटो काढून ठेवा, जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना वेगळा सांगायला नको. मात्र कात्रणातलं छायाचित्र कॉमन्सवर (विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यात) चढवू नका, त्याचा हक्क छायाचित्रकाराचा किंवा दैनिकाचा असतो. स्वतः काढलेला फोटो द्या.

मंडळातल्या प्रत्येकावर लेख काढणे

हा प्रेमाचा प्रकार आहे, म्हणून नाकारताना जीवावर येतं. पण नुसतं खेळणं पुरत नाही. इंग्रजी विकिपीडियानेही २०२२ मधल्या मोठ्या चर्चेनंतर केवळ सामन्यात उतरल्याच्या जोरावर लेख ठेवण्याचे निकष काढून टाकले. आचरेकर सरांच्या नावावर एकच प्रथम श्रेणी सामना आहे. त्यांचा लेख उभा आहे तो प्रशिक्षक म्हणून झालेल्या विपुल लेखनावर, द्रोणाचार्य (१९९०) आणि पद्मश्री (२०१०) यांच्या नोंदींवर. तुमच्या चढाईपटूवर दोन-तीन स्वतंत्र, सविस्तर बातम्या नसतील तर आधी स्पर्धेच्या लेखात त्याचं नाव संदर्भासह घाला. आणि तो तुमचा भाऊ किंवा तुमच्याच मंडळाचा असेल, तर चर्चा पानावर तसं उघड सांगा.

भांडण पेटल्यावर होणाऱ्या चुका

सगळ्यात वाईट म्हणजे उलटवत राहणे. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर बंदी येऊ शकते, तुम्ही बरोबर असलात तरीही. मराठीतही प्रचालक (बंदी घालण्याचे अधिकार असलेले संपादक) असं चालू देत नाहीत. एकदा उलटवलं गेलं की थेट चर्चा पानावर जा.

दुसरी चूक, मंडळाच्या ग्रुपवर 'या रे सगळे' म्हणून निरोप टाकणे. तिथे डोकी मोजून निर्णय होत नाही, कारणं आणि संदर्भ बघितले जातात. एकाच रात्री उघडलेली आठ नवी खाती एकच वाक्य लिहायला लागली, तर तुमची खरी बाजूही संशयात येते.

चर्चा पानावर समोरच्याला 'तुम्ही' म्हणा, वयाने लहान वाटला तरी. त्याच्या गावावरून, तालुक्यावरून बोलू नका. 'तुमच्या संदर्भात १८७५ आहे, माझ्या संदर्भात १८७६, दोन्ही देऊ या का?' असं विचारून बघा. जुन्या खेळाडूंच्या जन्मवर्षांत असे फरक असतातच, दोन्ही वर्षं आपापल्या संदर्भासह ठेवता येतात. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा एकमत झालं नाही, तर चावडीवर (सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) दुवा देऊन तिसऱ्याला बघायला सांगा. तोवर लेखाची वादाआधीची आवृत्ती राहू द्या, ती तुम्हाला पसंत नसली तरी.